बाव्हा, मारिओ

(३१ जुलै १९१४ – एप्रिल १९८०). इटालियन छायालेखक आणि भयपटांचे दिग्दर्शक. जन्म सान रेमो येथे, निधन रोममध्ये. वडील एउजेनिओ हे शिल्पकार. मूकपटांच्या काळात ते छायालेखन व युक्तिदृश्यांकडे वळले. कॅमेऱ्याचे पहिले धडे मारिओंना घरातच मिळाले.

‘इ व्हाम्पिरी’चे (१९५७) दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा यांनी चित्रण अर्धवट सोडले व बाव्हांनी ते अवघ्या दोन दिवसांत पुरे केले, असे सांगतात. यातील तरुणी डोळ्यांदेखत वृद्ध होते, तेही मध्ये कुठे काटछाट न करता. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या लाल रंगाने रेखायच्या. लाल प्रकाशात त्या कृष्णधवल फितीवर उमटत नाहीत. प्रकाश हिरव्या-निळ्याकडे सरकवला की गडद होऊन वर येतात. ही युक्ती हॉलिवुडमध्ये छायालेखक कार्ल स्ट्रूस यांनी १९३१च्या सुमारासच वापरली होती, म्हणून तिचे जनकत्व बाव्हांकडे देता येत नाही. तिच्यातली सफाई मात्र त्यांचीच.

‘ला मास्केरा देल देमोनिओ’ (१९६०) हा त्यांनी स्वतंत्रपणे दिग्दर्शित केलेला पहिला कथापट. रशियन लेखक गोगोलच्या कथेशी त्याचे नाते दूरचे आहे. बार्बरा स्टील या अभिनेत्रीला त्याने प्रसिद्धी दिली. ब्रिटनमध्ये तो १९६८पर्यंत दाखवता आला नाही.

इटालियन खून-रहस्यपटांच्या एका प्रकाराला ‘जाल्लो’ म्हणतात. ‘जाल्लो’ म्हणजे पिवळा. मोंदादोरी प्रकाशनाने १९२९पासून काढलेल्या रहस्यकथांच्या पिवळ्या वेष्टनांवरून हे नाव आले. या प्रकारचा पहिला चित्रपट कोणता, यावर एकमत नाही. बरेच अभ्यासक बाव्हांच्या ‘ला रागात्सा के सापेवा त्रोप्पो’ला (१९६३) तो मान देतात, पण तो कृष्णधवल असून त्याचा सूर हलक्याफुलक्या रहस्यपटाचा आहे. चेहरा झाकलेला, हातमोजे घातलेला खुनी, फॅशनगृहातील एकामागून एक हत्या आणि भडक रंगांची प्रकाशयोजना ही सारी लक्षणे त्यांच्याच ‘सेई दोन्ने पेर लासास्सिनो’त (१९६४) प्रथम एकत्र दिसतात. त्यामुळे १९६४ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

पैशांची चणचण हीच त्यांच्या शैलीची जमीन. ‘तेर्रोरे नेल्लो स्पात्सिओ’तील (१९६५) परग्रह प्लास्टिकचे दोन खडक, आरसे आणि धूर यांतून उभा राहिला. निर्माते दे लाउरेंतीस यांनी ‘दियाबोलिक’साठी (१९६८) मोठी रक्कम देऊ केली, तरी बाव्हांनी तिचा लहानसा भागच खर्च केला, असे म्हणतात.

‘रेआत्सिओने आ कातेना’त (१९७१) पुढच्या अमेरिकन खूनपटांची बीजे आढळतात. ‘कानी आर्राबियाती’ (१९७४) निर्मात्याच्या दिवाळखोरीत अडकला आणि बाव्हांच्या हयातीत पडद्यावर आला नाही. पुत्र लाम्बेर्तो हेही दिग्दर्शक झाले.