पुस गेट्स द बूट

पुस गेट्स द बूट : (१९४०). एमजीएम या अमेरिकन चित्रपटसंस्थेचा सुमारे नऊ मिनिटांचा रंगीत सचेतन (ॲनिमेशन) लघुपट. टॉम अँड जेरी मालिकेतील हा पहिला लघुपट मानतात, मात्र ही दोन नावे त्यात कुठेही नाहीत. बोक्याचे नाव जॅस्पर आहे. उंदराला पडद्यावर कोणी हाकच मारत नाही. प्रदर्शनाची तारीख बहुतेक सूचींत १० फेब्रुवारी १९४० अशी मिळते. त्या काळी कार्टून मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवत आणि त्याच्या प्रती शहरागणिक पुढेमागे पोहोचत, म्हणून ही तारीख वितरणाची समजावी.

शीर्षकात कोटी आहे. ‘पुस इन बूट्स’ ही बूट घालणाऱ्या मांजराची युरोपीय परीकथा, तर ‘गेट द बूट’ म्हणजे नोकरीवरून किंवा घरातून हाकलले जाणे. त्या कथेतले मांजर बूट घालते, इथले बुटाची लाथ खाते.

कथानक : जॅस्पर उंदराची शेपटी पंजाखाली दाबून त्याला धावायला लावतो, भिंतीवर शाईने खोटे बीळ रंगवून त्यावर आपटवतो आणि बेशुद्ध पडल्यावर पाणी मारून पुन्हा उठवतो. ‘मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव’ ही म्हण इथवर तंतोतंत लागू पडते. मग पाठलागात कुंडीचा उंच स्तंभ कोसळतो आणि घरकाम करणारी बाई दम देते, की आणखी एक वस्तू फुटली तर बाहेर. उंदीर हे ऐकतो, काचेचा पेला मेजाच्या कडेवर धरून उभा राहतो, आणि म्हण उलटते. पुढे बोका फरशीवर उशा पसरतो, उंदीर फडताळातून ताटल्या फेकत राहतो आणि बोक्याच्या हातांत त्यांची उतरंड चढते. उंदीर बोक्याच्याच दुधात डुंबतो, त्याच्याच शेपटीने अंग पुसतो आणि लाथ घालतो. बोक्याची हकालपट्टी होते आणि बिळाच्या तोंडावर ‘होम स्वीट होम’ची पाटी लागते.

विनोदाची रचना : आधीच्या मांजर-उंदीर कार्टूनांत लहान प्राणी चपळाईने किंवा योगायोगाने वाचे. इथे त्याच्या हाती तिसऱ्याची सत्ता येते. त्याला बोक्याला मारावे लागत नाही, आवाज झाला की पुरे. त्यामुळे मोडणाऱ्या वस्तूंची चढण नीट बांधावी लागते : आधी एक पेला, मग लागोपाठ अनेक, शेवटी हलताही येणार नाही अशी चळत. ही पायरी चुकली आणि ताटल्या आधीच आल्या, तर एकट्या पेल्याची धमकी फुसकी ठरते.

खरी अडचण वेळेची असते. पाऊण मीटर उंचीवरून सुटलेला पेला ०.३९ सेकंदात जमिनीवर पोचतो, म्हणजे सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेमच्या) वेगाने जेमतेम नऊ चौकटींत. एवढ्यात बोक्याचे दचकणे, झेप आणि झेलणे हे तिन्ही प्रेक्षकाला वाचता येत नाही. म्हणून पडण्याआधीचा क्षण लांबवतात. वस्तू कडेवर डुगडुगते, बोक्याची नजर तिच्यावर खिळते, आणि ती सुटल्यानंतरच वेग खरा ठेवतात. पडणेच संथ केले, तर काच कागदासारखी तरंगते आणि भीती जाते.

निर्मितीतंत्र : नऊ मिनिटांच्या पटात १२,९६० चौकटी असतात, ३५ मिमी फितीवर ८१० फूट. साध्या हालचालीत एक चित्र दोन चौकटींसाठी वापरत. झपाट्याच्या पाठलागात मात्र प्रत्येक चौकटीला नवे चित्र लागे. रेषा सेलवर, म्हणजे सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यावर, शाईने उतरवून मागच्या बाजूने रंग भरत. सेल पूर्ण पारदर्शक नसे, थोडी पिवळट झाक असे. बोका, उंदीर आणि ताटल्या वेगवेगळ्या थरांवर असल्या, तर तळच्या थरावरचा रंग वरच्यापेक्षा मळकट दिसे. यावर दोन उपाय होते : तळच्या थरासाठी रंग मुळातच थोडा उजळ मिसळायचा, आणि एखादे पात्र दृश्यातून गेले तरी त्याच्या जागी कोरी सेल ठेवून थरांची संख्या कायम राखायची. ही कोरी सेल विसरली, की पात्र जाताच मागच्या बोक्याचा रंग झटक्यात बदलतो.

टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या पद्धतीसाठी सचेतनपटात तीन फितींचा अवजड कॅमेरा लागत नसे. चित्र स्थिर असल्याने एकाच कृष्णधवल फितीवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून प्रत्येक चौकट लागोपाठ तीनदा टिपत. ८१० फुटांच्या पटाला त्यामुळे २,४३० फूट निगेटिव्ह लागे. तीन छायाटिपणांच्या दरम्यान सेल केसभर जरी सरकली, तरी कडांना रंगीत झालर येई.

संगीत स्कॉट ब्रॅडलीचे आहे. हालचाली चौकटींच्या ठेक्यात मोजलेल्या असत. १२ चौकटींचा ठेका म्हणजे मिनिटाला १२० मात्रा, ८ चौकटींचा म्हणजे १८०. चौकटींच्या वेळापत्रकात पावलांचे आणि फटक्यांचे आकडे आधीच मांडलेले असल्याने वाद्यवृंद नेमका त्याच जागी येई.

श्रेयाचा प्रश्न : श्रेयनामावलीत नाव फक्त रुडॉल्फ आयसिंग यांचे आहे. विल्यम हॅना (जन्म १९१०) आणि जोसेफ बार्बेरा (जन्म १९११) यांचा उल्लेखही नाही. दोघेही १९३७ मध्ये एमजीएमच्या नव्या कार्टून विभागात आले. हॅना पूर्वी हार्मन-आयसिंग संस्थेत होते. बार्बेरा न्यूयॉर्कमधील व्हॅन ब्यूरेन आणि टेरीटून्स या कार्टूनसंस्थांतून आले. दोघांच्या आठवणी मात्र पन्नासेक वर्षांनंतर, १९९० च्या दशकात पुस्तकरूपाने आल्या, तेव्हा त्या जपूनच वापराव्या लागतात. त्यांचे म्हणणे एवढेच, की काम त्यांचे होते आणि आयसिंग हे विभागाचे निर्माते. पटाकडे पाहता हे ग्राह्य वाटते. आयसिंग यांच्या स्वतःच्या पटांची चाल संथ, गोडसर असते. इथले क्रौर्य आणि बोक्याच्या चेहऱ्यावरची गणिते त्या चालीत बसत नाहीत. उलट, जॅस्परची लोकरीसारखी दाट केसाळ काया आणि सजावटीने भरलेले घर यांवर आयसिंग यांच्या कार्यशाळेची छाप उघड आहे. दिग्दर्शन हॅना-बार्बेरा, निर्मिती आयसिंग, असे आज बहुतेक सूचीकार मानतात. बार्बेरा कथाफलक (स्टोरीबोर्ड) आणि विनोदाचे प्रसंग रेखाटत, तर वेळेचे गणित हॅना मांडत, ही पुढे रूढ झालेली वाटणी पहिल्याच पटात कितपत पक्की होती, हा प्रश्न वेगळा.

नावांचा घोळ : उंदराचे नाव ‘जिंक्स’ होते, असे बार्बेरा सांगत, हॅना यांच्या मते त्याला तेव्हा नावच नव्हते. पडद्यावरचा पुरावा हॅना यांच्या बाजूचा आहे, तरी सूचींत ‘जिंक्स’ टिकून आहे. टॉम आणि जेरी ही नावे नंतर स्टुडिओतल्या स्पर्धेतून आली. चित्रकार जॉन कार यांनी ती सुचवली आणि ५० डॉलरचे बक्षीस मिळवले, असे परंपरेने सांगतात. टोपीतून चिठ्ठी काढल्याचीही एक हकिगत आहे, आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. जोडनाव मात्र नवे नव्हते. पिअर्स ईगनच्या १८२१ मधील लंडनवरील पुस्तकात टॉम आणि जेरी हे दोन छंदीफंदी गृहस्थ होते. त्यांच्यावरून इंग्रजीत ही जोडी दंगामस्तीचा पर्याय झाली, अंडे-दुधाच्या एका गरम मद्यपेयालाही हेच नाव आहे. व्हॅन ब्यूरेन संस्थेनेही १९३१-३३ मध्ये याच नावाने एका उंच आणि एका बुटक्या माणसाची कार्टून मालिका काढली होती, आणि बार्बेरा त्याच संस्थेत होते. तेव्हा नाव कुणाच्या डोक्यातून निघाले यापेक्षा ते हवेतच होते, हे मत अधिक पटते.

पुढील वाटचाल : मालिकेचा बेत मुळात नव्हता. विभागप्रमुख फ्रेड क्विम्बी यांना मांजर-उंदीर हा विषय झिजलेला वाटे, आणि हॅना-बार्बेरा ‘स्विंग सोशल’, ‘गॅलपिन गॅल्स’, ‘ऑफिसर पूच’ अशा सुट्या पटांकडे वळले. टेक्सासमधील चित्रपटगृह-व्यवसायातील बेसा शॉर्ट यांनी पत्राने आणखी असे पट येणार का, अशी विचारणा केल्यावर मत बदलले, असे सांगतात. या पटाला मिळालेल्या ऑस्कर नामांकनाचाही त्यात वाटा असावा. पुरस्कार मात्र एमजीएमच्याच, आयसिंग यांच्या ‘द मिल्की वे’ला गेला. दुसरा पट ‘द मिडनाइट स्नॅक’ १९४१ मध्ये आला. १९५८ पर्यंत दोघांनी या मालिकेत एकूण ११४ पट केले, त्यांतील सातांना ऑस्कर मिळाले. चार पायांवर चालणारा, सुरकुत्यांचा जॅस्पर पुढे दोन पायांवर उभा राहिला आणि त्याच्या अंगावरची केसांची रेघारेघ कमी झाली. प्रत्येक जादा रेघ हजारो वेळा शाईने गिरवावी लागते.

घरकाम करणारी बाई : आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा. ती कृष्णवर्णीय मोलकरणीच्या तत्कालीन ठशातून काढलेली आहे. ‘आउट’ या शब्दाची ती ‘ओ-डब्ल्यू-टी’ अशी जी फोड करते, तो विनोद तिच्या अशिक्षितपणावर बेतलेला आहे, आणि तो आज खटकतो. कॅमेरा प्राण्यांच्या उंचीवर असल्याने दिसतात ते तिचे पाय, चपला आणि झाडू. १९४० च्या दशकाच्या अखेरीस एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या अमेरिकन संघटनेने या पात्राला विरोध केला. १९५२ नंतर ते मालिकेत नाही. दूरदर्शन-प्रसारणासाठी काही पटांतील तिचा आवाज १९६० च्या दशकात अभिनेत्री जून फोरे यांच्या आणि पुढे थिया व्हिडाल यांच्या आवाजात बदलला. कार्टून नेटवर्क १९९५ मध्ये भारतात सुरू झाल्यानंतर हे पट घरी पाहिलेल्या प्रेक्षकाने हे ध्यानात ठेवावे, की एकाच पटाच्या दोन प्रतींत बाईचे बोलणे वेगळे असू शकते. ओठ दिसत नसल्याने हा बदल सोपा होता. ओठांशी शब्द जुळवायचे नव्हते, फक्त जुन्या वाक्याच्या लांबीत नवे वाक्य बसवायचे होते.