बालवाडीची खिडकी उघडावी की लावावी?

अंगणवाडीतले तीन-चार वर्षांचे मूल दिवसाचा बराच वेळ सतरंजीवर बसलेले असते, आणि पावलांनी व केरसुणीने उडणारी धूळ जमिनीलगतच दाट असते. शिवाय प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, तर हे मूल साधारण २० ते ३०. म्हणजे वजनाच्या मानाने त्याच्या फुफ्फुसांतून आपल्यापेक्षा जास्त हवा जाते. श्वासनलिका तर मुळातच अरुंद. नळीची त्रिज्या निम्मी झाली की संथ प्रवाहाला होणारा अडथळा सोळापट होतो, त्यामुळे मोठ्यांना जेमतेम जाणवणाऱ्या सुजेनेही लहान मुलाची छाती घरघरू लागते.

दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत उच्छ्वास साचतो. त्यात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. वर्गात आढळणाऱ्या प्रमाणात हा वायू स्वतः आजार करत नाही. मात्र खोलीतली हवा किती जणांच्या फुफ्फुसांतून फिरून आली आहे, याची चुगली तो करतो, आणि सर्दी-खोकल्याचे विषाणूही त्याच वाटेने फिरत असतात. म्यूनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये याच विचाराने दहा लाख भागांत १००० भाग ही मर्यादा सुचवली. ती आजही वापरात आहे.

मग खिडकी उघडावी, तर रस्त्यावरचा धूर आत येतो. २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांसाठी भारताची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची शिफारस ५ वर आणली. हिवाळ्यात सकाळी थंड हवा जमिनीशी दबून राहते आणि धूर वर जात नाही. ऊन तापल्यावर तो विरळ होतो. खिडकी उघडण्याची वेळ म्हणूनच घड्याळापेक्षा उन्हावर ठरवलेली बरी.

काही धूर मात्र आपणच आत आणतो. डासांची एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असे २००३ मधील एका अभ्यासात आढळले होते. झाडलोट मुले येण्यापूर्वी आणि ओल्या फडक्याने झाली, खिचडी वेगळ्या खोलीत शिजली, तर फुकटात बरेच साधते. हवा शुद्ध करणारे यंत्र कण गाळते, पण कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही. त्यामुळे वातानुकूलित, बंद खिडक्यांच्या महागड्या नर्सरीत धूळ कमी आणि उच्छ्वास जास्त, अशी स्थिती सहज उद्भवते.