लागमन

लागमन हे स्वीडनमधील जुन्या न्यायाधिकारपदाचे नाव. ‘लाग’ म्हणजे कायदा आणि ‘मन’ म्हणजे माणूस, अशी शब्दाची सरळ फोड होते. त्यातले ‘मन’ आणि आपला ‘मनु’ हे भाषाशास्त्रात एकाच मुळाचे मानले जातात.

‘लाग’ हा शब्द अधिक बोलका आहे. त्याचे नाते स्वीडिश ‘लेग्गा’, म्हणजे ठेवणे, या क्रियापदाशी आहे. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत ‘लॉग’ हे अनेकवचन होते: घालून दिलेल्या गोष्टी. इंग्रजीतला ‘लॉ’ही नॉर्समधूनच आला. मराठीत आपण नियम ‘घालून देतो’. ‘विधी’ आणि ‘विधान’ यांच्या मुळाशी असलेल्या ‘धा’ धातूचा अर्थही ठेवणे हाच आहे. धातू वेगळे असले तरी कल्पना तीच.

कायदे लिहिले जाण्यापूर्वी ते लागमनच्या स्मरणात असत. ‘तिंग’ या लोकांच्या सभेत तो ते मोठ्याने म्हणून दाखवी आणि वाद पडला की नियम काय तो सांगे. पाठांतरावर उभी असलेली ही व्यवस्था वेदपठणाच्या देशातल्या वाचकाला परकी वाटू नये. तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या व्हेस्टरयोटलंड प्रांताच्या कायद्यात ‘लागमन हा शेतकऱ्याचा मुलगा असावा’ असे बजावले आहे. म्हणजे हा राजाचा नव्हे, शेतकऱ्यांचा माणूस. याच प्रांताच्या लागमनांची एक जुनी यादी उपलब्ध आहे. तिच्यात पहिले नाव लुम्ब याचे. कायद्याला त्याच्यावरून ‘लुम्बचा कायदा’ म्हणत. तो ख्रिस्ती नव्हता म्हणून त्याला गावच्या टेकाडात पुरले, असे यादी सांगते. यादीत बराच पुढे येणारा एस्किल मॅग्नुसन हा तेराव्या शतकातला स्वीडनचा बलाढ्य सरदार बिर्येर यार्ल याचा भाऊ. १२१९ मध्ये आइसलंडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसन त्याच्याकडे पाहुणा म्हणून आला होता. स्नोरी स्वतः आइसलंडमध्ये कायदा सांगणाऱ्याच्याच पदावर राहिलेला, तेव्हा दोन जाणकारांची ही भेट.

चौदाव्या शतकाच्या मध्यावर मॅग्नुस एरिकसन राजाने सर्व प्रांतांसाठी एकच कायदा आणला. लागमन हळूहळू उमरावांच्या हाती गेलेले पद झाले आणि त्याची न्यायालये १८४९ मध्ये बंद झाली. नाव मात्र टिकले: १९७१ पासून स्वीडनच्या जिल्हा न्यायालयाच्या प्रमुखाला लागमन म्हणतात, आणि ती स्त्री असली तरी पदनाम हेच राहते. फिनिश भाषेत त्याचे ‘लामान्नी’ झाले. फेरो बेटांवर याच शब्दाचे भावंड आज पंतप्रधानाचे पदनाम आहे, तर स्कॉटलंडमधले ‘लॅमाँट’ हे आडनावही नॉर्स ‘लॉगमाथर’वरूनच पडले.