हरितगृह, धरण आणि तापणारी पृथ्वी

वडोदऱ्यातील मराठी घरांत हवामानबदलाचा विषय निघाला की ‘हरितगृह वायू’ हा शब्द येतोच. मात्र त्यामागचे चित्र कशाचे, हे तो शब्द परीक्षेत लिहून आलेल्या मुलालाही सहसा सांगता येत नाही.

वातावरण पृथ्वीला ऊबदार कसे ठेवते याचा विचार करताना फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिए यांनी १८२४ साली स्विस शास्त्रज्ञ सोस्यूर यांच्या, काचेची झाकणे लावलेल्या आणि उन्हात तापणाऱ्या पेटीचा दाखला दिला होता. पुढे काचघराची उपमा रूढ झाली. ती अपुरी होती. काचघर तापते ते मुख्यतः आतली गरम हवा बाहेर जाऊ न दिल्याने, हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ मध्ये प्रयोगाने मांडले, तर वातावरणातील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड जमिनीतून निघणारे उष्णतेचे प्रारण शोषून घेतात. उपमा तरीही टिकली, आणि मराठीत ‘हरितगृह’ झाल्यावर तिला हिरवेपणाचा गोडवा चढला. ढोबळी मिरचीसाठी हरितगृह उभारणाऱ्या शेतकऱ्याला त्या नावात धोका का दिसावा?

याहून नेमके रूपक तेव्हाच उपलब्ध होते. वायूंचे उष्णताशोषण १८५९ पासून मोजणारे भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी लिहिले की, नदीवर धरण बांधल्यावर तेथे पाणी खोल होते, तसे वातावरणाच्या आडकाठीमुळे भूपृष्ठाचे तापमान चढते. वडोदऱ्याला हे चटकन पटेल, कारण सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजवा सरोवराची पातळी इथे पावसाळाभर फुटांत विचारली जाते. आवक तेवढीच राहून जावक रोखली गेली, तर पातळी चढत जाते आणि वरच्या उंचीवर दोन्हींचा मेळ पुन्हा बसतो. सूर्याची उष्णता वाढलेली नसतानाही पृथ्वी तापते ती अशीच. ऑगस्ट २०२४ मध्ये ज्यांच्या घरात विश्वामित्री नदीचे पाणी शिरले, त्यांना पातळी म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

नंतरच्या रूपकांचा भर समजावण्यापेक्षा हलवून सोडण्यावर आहे. हवामानबदलाविरुद्ध ‘युद्ध’ अशा भाषेने निकड अधिक जाणवते, असे २०१७ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. जुलै २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस यांनी ‘उकळण्याचे युग’ आल्याचे म्हटले. कार्बनची ‘पाऊलखूण’, म्हणजे एखाद्याच्या वागण्यातून होणाऱ्या उत्सर्जनाचा हिशेब, मला अधिक खटकते, कारण ती वीजकेंद्र आणि कारखान्यावरची नजर घरातल्या पंख्याकडे वळवते.

धरणाचे रूपकही निर्दोष नाही. आजव्याने या शहराची तहान भागवली आहे, त्यामुळे इथे धरण हा कृतज्ञतेचा शब्द आहे. शिवाय त्याचे दरवाजे उघडता येतात, तर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके तिथेच राहतो.