वासा कुणाचा? कोल्हापुरातल्या जुन्या भाडेकरूंच्या दुरुस्तीच्या हक्काची पार्श्वभूमी

मे संपत आला की कोल्हापूरच्या जुन्या पेठांत शिड्या निघतात. उत्तरेश्वर पेठ, शुक्रवार पेठ, गंगावेशीकडच्या गल्ल्या. ज्यांच्या घरावर अजून मंगळुरी कौलं आहेत ते पावसाआधी ती परतून घेतात. मिस्त्री छपरावर उकिडवा बसून एकेक कौल उचलतो, फुटकं खाली देतो, पन्हळीत साठलेला पाला काढतो आणि मध्येच वरून हाक मारतो, "हितला वासा गेलाय बगा." घर स्वतःचं असेल तर या हाकेचा अर्थ एवढाच की खर्च वाढला. घर भाड्याचं असेल तर तिथून वाद सुरू होतो. वासा कुणाचा?

माझी मावशी नदीकडच्या एका वाड्यात चाळीसहून जास्त वर्षं भाड्यानं राहते. पुढं सोपा, मागं दोन खोल्या आणि मोरी. जुलैत झड लागली की तिच्या स्वयंपाकघरात तीन ठरलेल्या जागी भांडी मांडली जातात. ओट्याजवळ पातेलं, फडताळाखाली घमेलं, देवापुढं परात. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या परातीच्या आवाजावरून ती बाहेर पाऊस किती आहे ते सांगते. मालकांना ती दरवर्षी सांगत आली, आणि मालक दरवर्षी म्हणत आले, "वहिनी, भाडं किती देता ते बघा, मग कौलांचं बोला." लहानपणी मला या उत्तराचा फार राग यायचा. आजही ते मला पटत नाही. पण कायद्याचा मागचा प्रवास वाचत गेलो तसं कळत गेलं, की वाड्यातलं प्रत्येक भांडण शेवटी याच वाक्यापाशी का येऊन थांबतं.

दुरुस्तीचा हक्क तसा जुना आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं 108 वं कलम सांगतं, की जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे ती त्यानं कळवूनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरूनं ती करून घ्यावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा. मेख आहे ती 'बांधील आहे' या शब्दांत. मालक सरसकट बांधील आहेच असं तो कायदा म्हणत नाही. ते करारावर सोडतो. आणि पेठेतल्या खोलीचा करार असायचा कुठं? ओळखीच्या माणसानं शब्द टाकला, जागा मिळाली. कागद फारतर भाडेपावतीचा.

मालकावर बंधन आलं ते भाडेनियंत्रणातून, आणि भाडेनियंत्रण आलं ते महायुद्धांतून. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 मध्ये, मुंबई इलाख्यात युद्धकाळापुरता भाडेनिर्बंध कायदा झाला. दुसऱ्या युद्धात 1939 आणि 1944 चे कायदे आले. शहरांकडे माणसांची रीघ, नव्या बांधकामाला सामान नाही, अशा वेळी मालकानं अडवून भाडं उकळू नये म्हणून सरकारनं हात घातला होता. पुढं 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. त्यात प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला कायद्यानं घेता येईल तेवढं भाडं, 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्याला बांधलं गेलं, कारणाशिवाय कूळ काढायला बंदी आली आणि 23 व्या कलमानं जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली.

कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं. 1895 मध्ये शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, पुढं लक्ष्मीपुरी, राजारामपुरी उभ्या राहिल्या, आणि नोकरी-व्यापारासाठी शहरात आलेल्या माणसांना पेठांतल्या वाड्यांनी खोल्या दिल्या. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि मुंबईचे कायदे इथं आले. कारागीर, शिक्षक, गिरणीतले कामगार अशा हजारो घरांना त्या कायद्यानं अंगणातून हुसकून लावण्यापासून वाचवलं. हे उपकार विसरून भाडेनियंत्रणाला नुसती नावं ठेवणारे लोक मला आवडत नाहीत.

पण एक गोष्ट त्या कायद्यातच चुकली. तो तात्पुरता म्हणून आला आणि पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळवत राहिला. भाडं जागेवर थिजलं. विटा, चुना, सागवान, मिस्त्रीची मजुरी थिजली नाही. एका काळी महिन्याच्या भाड्यात छपराची डागडुजी होऊन वर चार पैसे उरत असतील. पुढं वर्षाच्या भाड्यात एक वासाही येईना. मग मालकानं लक्ष काढून घेतलं. डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की भाडं असं गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी आता मनमानी ठरल्या आहेत. कायद्याची मुदत 31 मार्च 1998 ला संपतच होती, म्हणून न्यायालयानं त्या रद्द केल्या नाहीत. नवा कायदा करण्याचं काम सरकारवर सोडलं.

तो नवा कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. अंमल 31 मार्च 2000 पासून. मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा यांचे तीन वेगवेगळे जुने कायदे मोडून तो एक केला. भाडं वर्षाला 4 टक्के वाढवायची मुभा मालकाला मिळाली. आणि दुरुस्तीचा हक्क 14 व्या कलमात आला. हे कलम प्रत्येक भाडेकरूनं एकदा तरी वाचावं. उलट करार नसेल तर जागा राहण्याजोग्या चांगल्या अवस्थेत ठेवायला प्रत्येक मालक बांधील आहे. त्यानं हयगय केली तर किमान 15 दिवसांची नोटीस द्यायची. एकट्यानं द्या, नाहीतर वाड्यातल्या सगळ्यांनी मिळून. तरीही वाजवी वेळेत काम झालं नाही तर भाडेकरूंनी स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापावा किंवा मालकाकडून वसूल करावा. भाडेकरूंनी ठेवलेला हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा निर्णायक पुरावा, तो मालकावर बंधनकारक.

इथवर वाचून छाती भरून येते. मग पुढची अट येते. कापायची किंवा वसूल करायची रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको.

समजा भाडं महिना 80 रुपये आहे. वर्षाचे झाले 960. चौथा हिस्सा 240 रुपये. एवढ्या पैशांत मिस्त्री दिवसभरासाठी शिडी लावायलाही येत नाही. दरसाल 4 टक्के वाढ म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला 3 रुपये 20 पैसे. त्यानं मालकाचंही भागत नाही. माझं म्हणणं आहे ते इथं. कायद्यानं हक्क दिला, पण त्याचं माप त्याच गोठलेल्या भाड्यानं घेतलं. ज्या भाडेकरूचं घर सर्वांत जुनं, छप्पर सर्वांत कुजकं, त्याच्याच हाती हा हक्क सर्वांत तोकडा पडतो. मुंबई शहरानं यावर वेगळी वाट काढली होती. तिथं जुन्या इमारतींसाठी 1969 च्या कायद्यानं दुरुस्ती मंडळ आलं, भाडेकरू उपकर भरू लागले आणि दुरुस्ती मंडळाकडून होऊ लागली. मंडळाच्या कारभाराबद्दल तक्रारी असतील, पण निदान दार ठोठवायला जागा होती. कोल्हापूरच्या वाड्यांना तसं कुणी नव्हतं, आजही नाही.

शिवाय स्वतः काम काढायचं म्हटलं की दुसरी भीती. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं, तर जागा काढून घ्यायचं ते एक कारण आहे. त्या धाकानं मावशीनं कित्येक वर्षं मोरीची भिंतसुद्धा धरली नाही. खरं तर 1999 च्या कायद्यानं याचा खुलासा केलेला आहे. लाकडी पार्टिशन, उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा, दार, हवेसाठी खिडकी, धुराडं, फॉल्स सीलिंग असल्या गोष्टी, लागेल तिथं पालिकेची परवानगी घेऊन केल्या, तर त्या कायमस्वरूपी बांधकामात धरत नाहीत. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि मग पूर. राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2005 चा पूर आम्ही मोठा समजत होतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. पांढऱ्या मातीत बांधलेली भिंत पाण्यात कित्येक दिवस उभी राहते, आणि पाणी ओसरून ऊन पडलं की बसते. मावशीची मागची भिंत अशीच गेली, आत कुणी नसताना, दुपारी. आठ दिवसांत मालकांचा निरोप आला, की घर पडायला झालंय, आता जागा सोडा.

या वेळी बरेच लोक घाबरून सामान हलवतात, आणि गेले की परत येता येत नाही. कायदा काय म्हणतो ते नीट ऐकायला हवं. पुरानं किंवा आगीनं जागेचा मोठा भाग कायमचा निकामी झाला, तर भाडेपट्टा संपवायचा की नाही हे ठरवायचा हक्क 1882 च्याच कायद्यानं भाडेकरूला दिलाय, मालकाला नाही. जागा रिकामी केल्याशिवाय दुरुस्ती होतच नसेल तर मालक न्यायालयात जाऊन तसा हुकूम मागू शकतो. पण मग दुरुस्ती करून ती जागा भाडेकरूला परत द्यावी लागते. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस ही आणखी वेगळी गोष्ट. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या 264 व्या कलमाखाली पालिका पडायला आलेलं बांधकाम उतरवून घ्यायला सांगू शकते, आणि जीव वाचवायचा तर तिचं ऐकलंच पाहिजे. पण इमारत पाडली म्हणून भाडेकरूपण संपत नाही. शहा रतनशी खिमजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये हे स्पष्ट केलं: भाडेहक्क नुसत्या भिंतींवर नसतो, खालच्या जमिनीवरही असतो.

पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, साफसफाई या गोष्टी मालकानं तोडल्या किंवा अडवल्या तर 1999 च्या भाडे कायद्यातलं 29 वं कलम आहे. न्यायालय त्या पूर्ववत करायला तारीख देऊ शकतं, आणि ती टळली तर दिवसाला 100 रुपयांपर्यंत दंड. आकडा आज किरकोळ आहे. पण नळ तोडून कूळ हुसकायची युक्ती जुनी आहे, आणि न्यायालयात अर्ज पडला की ती बऱ्याचदा थांबते.

राजारामपुरीतले फ्लॅट, विद्यापीठाजवळच्या मुलांच्या खोल्या यांचं गणित वेगळं. तिथं अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असतो, म्हणजे मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी, भाडेकरूपण नव्हे. चौदावं कलम भाडेकरूसाठी आहे. लायसन्सवाल्याला करारात जे लिहिलंय तेवढंच मिळतं. म्हणून गिझर बिघडला, भिंतीला ओल आली तर कोण बघणार, हे सही करण्याआधी लिहून घ्या. करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी 55 व्या कलमानं मालकाची आहे. केंद्रानं 2021 मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मांडला. त्यात याद्याच आहेत: इमारतीची मूळ दुरुस्ती, रंगसफेदी, नळाच्या लाइनी मालकाकडे, वॉशर, गिझर, बटणं, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. पण राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही.

भाड्याचे दावे कोल्हापुरात दिवाणी न्यायालयात चालतात. वर उच्च न्यायालयात जायचं तर मुंबई गाठावी लागायची, आणि त्या फेऱ्यांच्या धास्तीनं किती भाडेकरूंनी मिळेल ती रक्कम घेऊन तडजोड केली असेल त्याला गणती नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि लोकांनी कित्येक दशकं आंदोलनं केली. वाड्यातल्या भाडेकरूसाठी ती मागणी म्हणजे एसटीचं भाडं, मुक्कामाचा खर्च आणि बुडालेली मजुरी होती.

भिंत पडल्यावर मावशीला मी पहिलं काम सांगितलं ते नोटिशीचं. वाड्यातल्या तिन्ही बिऱ्हाडांनी सह्या केल्या. कुठला वासा, कुठली भिंत, किती फूट, सगळं लिहिलं, फोटो लावले आणि नोटीस रजिस्टर एडीनं पाठवली. (2025 मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं, आता तसं पाठवावं, पोहोचपावती मात्र मागून घ्यावी.) 240 रुपये कापून घ्यायला ती नोटीस नव्हती. मालकाला कळवलं होतं आणि त्यानं केलं नाही, हे कागदावर यायला ती होती. उद्या तोच मालक न्यायालयात म्हणाला की घर कुळानं मोडलं, तर उत्तर तयार हवं. भाडं तो घेत नव्हता, म्हणून ते मनीऑर्डरनं जात राहिलं. भाडं भरायला जो तयार आहे त्याला थकबाकीच्या कारणानं काढता येत नाही.

नोटिशीचं पाकीट बारा दिवसांनी परत आलं. वर पोस्टमनचा शेरा, 'घेण्यास नकार'. मावशीला वाटलं, मेहनत वाया गेली. वकील म्हणाले, पत्ता बरोबर असताना नाकारलेली नोटीस मिळाली असंच धरतात; पाकीट फोडू नका, लागलं तर न्यायालयात साहेबांसमोर फोडू. तिनं ते भाडेपावत्या, लाइट बिलं आणि मनीऑर्डरच्या पावत्यांबरोबर बिस्किटाच्या डब्यात ठेवलं. मागच्या भिंतीच्या जागी सध्या पत्रा आहे, त्याची पावतीही त्याच डब्यात आहे. पाकीट अजून फोडलेलं नाही.