नमुना २६ : उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्राची पार्श्वभूमी

निवडणुकीचे अर्ज भरून झाले की कोणाची मालमत्ता पाच वर्षांत किती पटींनी वाढली, याचे आकडे पेपरात येतात. ते उचलले जातात नामनिर्देशनपत्रासोबतच्या प्रतिज्ञापत्रातून, म्हणजे ‘नमुना २६’मधून. २००२ पूर्वी उमेदवारावर किती खटले आहेत हे मतदाराला अधिकृतपणे कळायची सोयच नव्हती.

ही सोय संसदेने आपणहून दिलेली नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ स्थापन करून १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. निकाल त्यांच्या बाजूने लागला, केंद्र सरकार अपिलात गेलं आणि २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची माहिती मिळणं हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) (अभिव्यक्ती स्वातंत्र्य) खालचा मतदाराचा हक्क ठरवला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष त्यानंतर या निकालाविरुद्ध एका सुरात बोलू लागले. ऑगस्टमध्ये निकालाला बगल देणारा अध्यादेश निघाला. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी तो एकदा परत पाठवला. मंत्रिमंडळाने जसाच्या तसा पुन्हा धाडल्यावर त्यांना सही करावी लागली. पुढे त्याचा कायदा होऊन लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली. त्यातलं कलम ३३ बी सांगत होतं की, न्यायालयाने काहीही म्हटलं तरी कायद्यात आहे त्यापलीकडची माहिती उमेदवाराने द्यायची गरज नाही. १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलमच रद्द केलं.

मग पळवाट निघाली ती रकाने कोरे सोडण्याची. माहिती खोटी नाही, फक्त दिलेली नाही! २०१३ च्या ‘रिसर्जन्स इंडिया’ निकालाने ती बुजवली. आता रकाना कोरा दिसला की निवडणूक निर्णय अधिकारी लेखी आठवण देतो. तरीही भरला नाही, तर छाननीत अर्ज बाद होतो. सांगण्यासारखं काही नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहावंच लागतं, नुसती रेघ मारून चालत नाही. २०१८ मध्ये उत्पन्नाचे स्रोत द्यायचा आदेश झाला. २०१९ पासून स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि अवलंबितांच्या पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतलं उत्पन्न आणि परदेशातली मालमत्ताही लिहावी लागते.

खटल्यांच्या रकान्याचा घोळ महाराष्ट्रातच गाजला. देवेंद्र फडणवीस यांच्या २०१४ च्या प्रतिज्ञापत्रात दोन जुन्या प्रकरणांचा उल्लेख नव्हता. आरोप निश्चित झालेले नसले, तरी न्यायालयाने दखल घेतलेलं प्रकरण लिहायलाच हवं, असं १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आणि तक्रार पुन्हा सुनावणीला पाठवली. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली.

खरी कमजोरी मात्र वेगळीच आहे. निवडणूक निर्णय अधिकारी रकाने भरलेत का एवढंच पाहतो, मजकूर खरा आहे का हे तपासत नाही. छाननीच्या एका दिवसात सातबारे आणि बँकखाती पडताळणं शक्यही नाही. प्रतिस्पर्ध्याने किंवा मतदाराने विरोधी प्रतिज्ञापत्र दिलं तर तेही सूचना फलकावर लागतं, पण तेवढ्यावरून अर्ज बाद होत नाही. खोट्या माहितीसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहे. त्यासाठी तक्रारदारालाच न्यायालयाची पायरी चढावी लागते. तिथे तारखा पडत राहतात आणि तोवर पुढची निवडणूक येते. जमिनीचा ‘चालू बाजारभाव’ तर उमेदवार स्वतःच्या अंदाजाने लिहितो, त्यामुळे एकाच शिवारातल्या एकरांचे दोन प्रतिज्ञापत्रांत दोन भाव दिसू शकतात.

लपवलं म्हणून निवडच रद्द होते का? अरुणाचलच्या तेजू मतदारसंघात २०१९ साली निवडून आलेले करिखो क्री यांनी कुटुंबीयांच्या नावावरची तीन वाहनं दाखवली नव्हती: एक स्कूटी, एक मारुती ओम्नी आणि एक मोटारसायकल. उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. ही वाहनं आधीच विकली किंवा देऊन टाकली होती, असं मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०२४ रोजी तो निकाल फिरवला: उमेदवाराने घरातली प्रत्येक जंगम वस्तू मांडायची गरज नाही, तिची किंमत मोठी असेल किंवा ती त्याच्या राहणीमानावर प्रकाश टाकत असेल तरच ती लिहावी लागते. महागडी घड्याळं मात्र लिहावी लागतील, हे उदाहरण निकालातच आहे.