'सॉल्ट-फ्री' म्हणजे खारं पाणी गोडं करणारं यंत्र नव्हे

मालवण-देवगडकडे कॅरावॅन घेऊन येणारे आणि इथले होमस्टेवालेही वर्षानुवर्षं सांगत आलेत, "सॉल्ट-फ्री कंडिशनर बसवा, मचूळ पाणी गोडं होतं." नाही होत. साध्या सॉफ्टनरसारखं (जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्रासारखं) त्यात मीठ टाकावं लागत नाही, म्हणून ते नाव. पाण्यातलं मीठ, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्यातच राहतं. टीडीएस मीटरचा (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरचा) आकडा हलत नाही, साबणाचा फेसही वाढत नाही. चांगल्या कंडिशनरमधल्या खास मण्यांवर कॅल्शियमचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरण्याऐवजी बरेचसे पाण्याबरोबर वाहून जातात. फायदा एवढाच, पण कॅरावॅनच्या इवल्याशा गिझरला तो मोलाचा. नळाच्या तोंडाशी पाणी सुकलं की पांढरे डाग पडणारच. आणि समुद्राकाठची विहीर एप्रिल-मेमध्ये मचूळ झाली, तर पिण्यासाठी क्षार गाळून काढणारा आरओ फिल्टरच हवा.